सतवासची काळी, आपली रेव

सतवास हे नाव गोव्यात फारसं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. देवास मात्र आपल्या ओळखीचं. कुमार गंधर्व 1948 साली क्षयानं आजारी असताना कोरड्या हवेसाठी माळव्यात गेले आणि 1992 मध्ये जाईपर्यंत देवासचेच होऊन राहिले. त्यांच्या गाण्याच्या वेडापायी देवासची टेकडी आणि टेकडीवरची माता आपल्याकडच्या कितीतरी घरांत माहीत झाली. सतवास त्याच जिल्ह्यातलं, पण शहरापासून बरंच दक्षिणेला, विंध्य उतरून खाली नर्मदेच्या खोऱ्यात. जिल्हा एक, पण पाणी दोन दिशांना पळतं. विंध्याच्या वर देवास, सोनकच्छ, टोंकखुर्द. तिथला पाऊस क्षिप्रा आणि काली सिंधमधून चंबळेला, मग यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. विंध्याखाली कन्नौद, सतवास, खातेगाव. तिथला पाऊस नर्मदेतून अरबी समुद्रात उतरतो. म्हणजे सतवासच्या शेतातून वाहून गेलेलं पाणी अखेर आपल्याच दारातल्या समुद्राला मिळतं. एवढं नातं तरी ह्या गावाशी सांगता येईल!

दुसरं नातं भाषेचं. धारचे पवार आणि देवासचे पवार हे मराठे सरदार अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावले. देवासला तर दोघा भावांनी, तुकोजी आणि जिवाजी पवारांनी, एकाच गावात दोन राज्यं थाटली. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार आणि गावातून जाणारी सरहद्द! इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे नोकरीला होता, आणि ह्या गमतीवर त्यानं पुढं 1953 मध्ये एक पुस्तकच काढलं. विंध्याखालचा मुलूख मात्र वेगळा. नेमावरचा पट्टा आधी पेंढाऱ्यांचा म्हणून गाजला. त्यांचा सरदार चीतू ह्याचा तळ तिथं होता. इंग्रजांनी पाठलाग केल्यावर तो रानोमाळ भटकला आणि 1819 मध्ये जंगलात वाघाच्या तोंडी पडला. नंतर नेमावर हा होळकरांच्या इंदूर संस्थानातला जिल्हा झाला.

पण मला आज राजेरजवाड्यांवर लिहायचं नाही. लिहायचंय ते खड्ड्यांवर. गेल्या वीसेक वर्षांत ह्या देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात, घरामागच्या तुकड्यात, जेसीबी आणि पोकलेन लावून हजारो तळी खोदली. त्यांची छायाचित्रं, चित्रफिती आता गोव्यातही मोबाईलवर फिरतात आणि आपल्याकडच्या किनारपट्टीतल्या लोकांना वाटायला लागलं आहे की, चला, आपल्याही परसात एक तळं करू. यंत्र आहे, जागा आहे, पाऊस तर त्यांच्या तिप्पट आहे! इथंच मला थोडं थांबून मागचा इतिहास सांगावासा वाटतो. कारण ती तळी यंत्रानं खोदली हे खरं असलं, तरी त्यात पाणी राहिलं ते यंत्रामुळे नाही.

माळवा हा मुळात तळ्यांचा देश. पावलोपावली पाणी मिळतं अशी त्या भूमीची ख्याती लोकांच्या तोंडी शतकानुशतकं आहे. राजा भोजानं अकराव्या शतकात भोजपूरला डोंगरांच्या मधल्या फटी बांधून एवढं मोठं सरोवर केलं होतं की पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह ह्यानं बांध फोडल्यावर ते रिकामं व्हायला तीन वर्षं लागली, अशी गोंडांची दंतकथा आहे. तीन वर्षांचं सोडा, पण सरोवर होतं आणि फोडलं गेलं हे खरं. त्याच्या बांधाचे प्रचंड दगड अजून जागेवर आहेत. भोजाची राजधानी धार. धारेत साडेबारा तळी असं आजही म्हणतात. हे अर्धं तळं कुठलं हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारला की गप्पांना तोटा नाही. जवळच मांडू. डोंगराच्या माथ्यावरचं शहर, नदी नाही, ओढा नाही, सगळी भिस्त आभाळावर. तिथं जहाजमहाल उभा आहे तो मुंज तलाव आणि कपूर तलाव ह्यांच्या मधोमध. म्हणूनच तो पाण्यावर तरंगतोय असं वाटतं. बाजबहादूरच्या महालाजवळ रेवाकुंड आहे. रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे, म्हणून रेवा स्वतःच ह्या कुंडात आली, अशी कथा. रेवा म्हणजे नर्मदा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढं पुन्हा यायचं आहे.

देवासलाही आपली तळी होती. मीठा तालाब अजून आहे आणि त्याच्या काठी पवारांच्या छत्र्या आहेत. पण बाकीच्यांचं नशीब तेवढं बरं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर कारखाने आले, वस्ती वाढली, तळी भरून त्यावर घरं आणि शेड उभ्या राहिल्या. पाण्याचं काय? त्यावर कूपनलिकेचं उत्तर सापडलेलं होतं. खेड्यांतही तेच. सोयाबीन आलं, मग रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा तर पाणी हवं, आणि पाणी हवं तर भोक पाडा. माळव्याच्या पोटात काळा बेसाल्ट. हा दगड स्पंजासारखा पाणी धरत नाही. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि मधल्या भेगांत जे काही मुरलेलं असेल तेवढंच. शंभर फुटांवर लागायचं ते पुढं तीनशे, पाचशे फुटांवर गेलं आणि कुठं कुठं लागेनासंच झालं. एप्रिल 1990 मध्ये इंदूरहून पाण्याचे टँकर लादलेली रेल्वेगाडी देवासला आणावी लागली! अनुपम मिश्र ह्यांनी 1993 च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ ह्या छोट्याशा पुस्तकात हा किस्सा नोंदवला आहे. हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मिळवून जरूर वाचावं. लेखकानं त्याचे हक्क राखून ठेवलेले नाहीत, त्यामुळे ते कुठंही सापडतं.

सोळा वर्षांनी, 2006 मध्ये, उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी म्हणून देवासला आले. त्यांनी केलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. ज्यांच्याकडे जमीन जास्त आहे, ट्रॅक्टर आहे, अशा मोठ्या शेतकऱ्यांना त्यांनी गाठलं आणि सांगितलं की जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. पाणी वाचवा म्हणजे पुण्य लागेल, असं काही सांगितलं नाही. पाणी वाचवा, पैसा मिळेल, असं सांगितलं. खोदणाऱ्या शेतकऱ्याला नाव दिलं ‘भगीरथ कृषक’ आणि त्याच्या तळ्याला नाव दिलं ‘रेवासागर’. मांडूच्या रेवाकुंडाची कथा ज्या मुलखात घरोघरी आहे तिथं हे नाव फुकट जात नाही.

मोठ्यांनाच का धरलं, ह्यावर टीका करता येते. अल्पभूधारकाला दहावा हिस्सा देणं म्हणजे पोटाला चिमटा, आणि ज्याच्याकडे मुळात जास्त आहे त्याच्याच बांधावर सनदी अधिकारी उभे. पण मला ह्यात एक रोखठोक शहाणपण दिसतं. भूगर्भातलं सगळ्यात जास्त पाणी उपसलं होतं कुणी? ज्यांना भोकामागून भोकं पाडायची ऐपत होती त्यांनीच. त्यांच्या मोटारी भूजलावरून उतरल्या तर शेजारच्या दोन एकरवाल्याच्या विहिरीला श्वास मिळतो. शिवाय सुरुवातीला अनुदान नव्हतं. स्वतःच्या खिशातून, नाहीतर कर्ज काढून खोदायचं. त्यामुळे कागदावरची तळी झाली नाहीत. ज्यानं पैसे घातले तो तळं भरतंय की नाही हे रोज बघणारच. पुढं 2007 मध्ये राज्य सरकारनं बलराम तालाब योजना आणून अनुदान सुरू केलं. टोंककलां, धतूरिया ही वरच्या पठारावरची गावं त्यासाठी प्रसिद्ध झाली. एकेका गावात शंभरावर तळी, त्यांत मासे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी, आणि रब्बीला गव्हाखालचं क्षेत्र वाढलेलं.

आता यंत्राविषयी. पूर्वी हे काम माणसं करत. उत्तरेत आणि माळव्यात ओड, आपल्या मराठी मुलखात मातीवडार. पिढ्यान्पिढ्या माती खणणं, गाढवांवर वाहणं, बांध चोपणं हाच त्यांचा धंदा. मी सहज हिशेब करून पाहिला. महाराष्ट्रात शेततळ्याचं जे नेहमीचं माप आहे, वरून 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल, आणि बाजूंचा उतार एकास एक, त्यातून 2196 घनमीटर माती निघते. म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाण्याची जागा. एक माणूस दिवसाला दोन घनमीटर माती खणून वर टाकतो असं धरलं तर अकराशे माणसांचा एक दिवस, किंवा वीस माणसांचे जवळपास दोन महिने. मध्यम आकाराचं पोकलेन ताशी 60 ते 80 घनमीटर सहज काढतं. तीन-चार दिवसांत काम संपलं! बाजूला उभं राहून चहा पीत बघायचं.

ह्या यंत्रांच्या नावांची एक गंमत सांगतो. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड ह्या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. 1945 साली त्यानं कंपनी काढली, आणि 1979 मध्ये ती एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगडला आली. पोकलेन ही मूळ फ्रेंच कंपनी, जॉर्ज बाताय ह्यांनी 1927 मध्ये स्थापन केलेली. लार्सन अँड टुब्रोनं त्यांच्या सहकार्यानं बंगळूरला ही यंत्रं बनवली आणि ते नाव देशभर पसरलं. मूळ कंपनीनं खोदाई यंत्रांचा धंदा 1987 मध्येच एका अमेरिकन कंपनीच्या हवाली केला, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं असो, पट्ट्यांवर चालणारं आणि लांब हात असलेलं यंत्र म्हणजे पोकलेनच. गोव्याला तर हा शब्द शिकवायला नको. डिचोली, सत्तरी, सांगे, केपेच्या खाणींवर त्यानं डोंगराचे खड्डे केलेले आपण डोळ्यांनी पाहिलेत.

ओडांची गोष्ट मात्र त्या हिशेबात कुठं बसत नाही. अकराशे दिवसांची मजुरी गेली एवढंच नाही. ओड आणि वडार माती हातात घेऊन ओळखत. कुठं काळी संपते, कुठं मुरूम लागतो, कुठं थांबायचं, हे त्यांच्या कुदळीला आवाजावरून कळे. पोकलेनच्या केबिनमध्ये बसलेल्या पोराला ते कळत नाही आणि त्याला ताशी पैसे मिळतात, त्यामुळे थांबण्याचं त्याला काही कारणही नाही.

आणि थांबणं महत्त्वाचं आहे. माळव्याची काळी माती ही चिकणमाती. पाणी प्याली की फुगते, फुगली की तिची छिद्रं मिटतात आणि ती स्वतःच तळ्याचं अस्तर होते. देवासला तळी यशस्वी झाली त्यात जिल्हाधिकाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा वाटा आहेच, पण ह्या मातीचा वाटा मला निम्म्याहून अधिक वाटतो. अर्थात तिचे नखरेही आहेत. उन्हाळ्यात तळ कोरडा पडला की ती हातभर भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली पळतं. काळीचा थर सगळीकडे सारखा जाडही नसतो. यंत्रानं जोशात तो फोडून खालच्या मुरमात हात घातला की तळं चाळणी झालं. मुरमात पाणी मुरलं तर शेजारच्या विहिरी भरतात, तेही वाईट नाही. पण मार्चमध्ये हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून ज्यानं कर्ज काढलं त्याला ते सांगून पटवता येत नाही.

विंध्य उतरून सतवासकडे आलं की प्रश्न आणखी अवघड होतो. काळी इथंही आहे. पण नर्मदा आणि तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांच्या काठानं गाळाची, वाळूची जमीन लागते. टोंककलांच्या तळ्याचा नकाशा तसाच्या तसा इथं उचलून आणता येत नाही. शिवाय इथल्या माणसानं पाण्याचं दुसरं रूपही पाहिलेलं आहे. पुनासा इथलं इंदिरा सागर धरण 2005 मध्ये पुरं झालं, त्याच्या पाण्याखाली खंडवा, हरदा आणि देवास ह्या तीन जिल्ह्यांतली गावं गेली. एकाच जिल्ह्यात वर लोक जमिनीचा दहावा हिस्सा आपखुशीनं पाण्याला देत होते आणि खाली सगळंच्या सगळं पाण्याला जात होतं. ह्या दोन गोष्टींमध्ये अवघ्या एक-दोन वर्षांचं अंतर आहे.

वाळूत तळं खोदण्याच्या अडचणी दोन. पहिली, काठ उभा राहत नाही. ओली वाळू यंत्रानं कापली की भिंतीसारखी सरळ दिसते, खोदणारा खूश होतो, फोटो काढतो. दोन दिवसांनी ती वाळली, किंवा पाण्यात पूर्ण बुडाली, की ढासळून तळात येते. वाळूला तिच्या स्वभावाचा उतार हवा, आणि तळ्यासाठी तो एकास दोन, खरं तर एकास तीन धरावा. आता तेच 30 बाय 30 चं, 3 मीटर खोलीचं तळं घ्या. एकास एक उतारात 2196 घनमीटर पाणी मावत होतं. एकास दोनला 1764 होतं. एकास तीनला 1404. जमीन तेवढीच गेली आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी कमी झालं.

दुसरी अडचण उघडच आहे. वाळूत पाणी थांबत नाही. उपाय जुना आहे: चिकणमाती आणून थर द्यायचा, ओला करायचा आणि तुडवायचा. नुसती टाकून उपयोग नाही, तुडवली पाहिजे, म्हणजे तिच्यातली हवा निघून ती एकजीव होते. आपल्याकडे हे काम माणसांचे पाय आणि म्हशी-बैलांचे खूर करत. इंग्लंडात अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीनं कालवे खणले ते ह्याच युक्तीवर. तुडवलेल्या मातीचं अस्तर असल्यामुळेच ते कालवे गळले नाहीत, आणि तिथंही माती तुडवायला गुरं फिरवत. पोकलेनचे पट्टे हे काम करतील असं वाटतं, पण पट्ट्यांची रचनाच मुळी वजन पसरवून चिखलात न रुतण्यासाठी आहे. त्यानं माती दाबायची म्हणजे पलंगावर झोपून गादी तुडवण्यासारखं! त्याला खुरांसारखे गुट्टे असलेला रोलर लागतो, आणि तो बहुधा कुणी मागवत नाही, कारण खड्डा दिसायला तोवर पुरा झालेला असतो.

म्हणून आता सरसकट प्लॅस्टिक अंथरतात. 500 मायक्रॉनचा काळा किंवा निळा कागद. महाराष्ट्रात 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेच्या आगेमागे अशी अस्तरी तळी गावोगाव झाली. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना त्यानं हात दिला हे नाकारता येत नाही. पण त्यातली कित्येक तळी पावसानं भरतच नाहीत. विहिरीचं, कूपनलिकेचं पाणी उपसून वर तळ्यात साठवतात आणि उन्हाला दाखवतात. जमिनीच्या पोटात जे सुरक्षित होतं त्याला ऊन देऊन त्याची वाफ करायची, आणि नाव मात्र जलसंधारण! रेवासागराचा मूळ विचार कूपनलिका सोडवण्याचा होता. इथं तळंच कूपनलिकेला जुंपलं गेलं.

आता आपल्या रेवेकडे येऊ. आपण गोंयकारांनी तळी खोदली नाहीत असं नाही. करमळीचं तळं घ्या, कुडतरीची तळी घ्या. गावकरीनं ती बांधली, सांभाळली. पावसात भरायची, त्यावर खालचं भात पिकवायचं आणि करमळीसारख्या ठिकाणी पाणी उतरलं की तळ्याच्या पोटातच वायंगण लावायचं. गाळ आपोआप ढवळला जायचा, खत व्हायचं. खाजन शेतीचे बांध तर चिखलाचेच, आणि खारं पाणी बाहेर, गोडं आत ठेवण्याची ती विद्या आपल्याइतकी कुणाला अवगत असेल असं मला वाटत नाही. पण ही सगळी तळी चिकण आणि गाळाच्या जमिनीतली आहेत. किनाऱ्यावरच्या रेवेत, कळंगुट-कोलवा-बाणावलीच्या पट्ट्यात, किंवा मोरजी-मांद्रेला, मोठं तळं बांधायच्या भानगडीत आपले वाडवडील पडले नाहीत. तिथं त्यांना त्याची गरजच नव्हती.

कारण रेवेत पाणी साठवावं लागत नाही, ते तिथं असतंच. आपला तीन हजार मिलिमीटर पाऊस वाळूत थेट उतरतो आणि खाली जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं, खारं जड. तांदळाच्या पेजेवर साय धरावी तशी ही गोड्या पाण्याची साय. डच इंजिनिअर बाडोन गाइबेन ह्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मन हर्झबर्ग ह्यानं 1901 मध्ये ह्याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी जेवढं उभं आहे, त्याच्या साधारण चाळीसपट ते खाली गेलेलं असतं. ऐकायला छान वाटतं. पण उलटीकडून वाचा. वरची पातळी एक हात उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर यायला निघतं. सासष्टीच्या किनाऱ्यावर तर पुढं समुद्र आणि मागं भरतीचं पाणी घेणारी साळ नदी. मधली वाळूची पट्टी दोन्ही बाजूंनी खाऱ्यात उभी आहे. तिथं साय जाड असणार तरी किती?

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची अशीच किनाऱ्याजवळ जागा आहे. जुनं घर, माडांची दोन रांगा बाग, एक विहीर. मुलगा उत्साही, शहरातली नोकरी सोडून आलेला. त्यानं देवासच्या चित्रफिती पाहिल्या होत्या आणि खाणी बंद पडल्यावर कुणाचं तरी पोकलेन भाड्यानं स्वस्तात मिळत होतं. वीस फूट खोल तळं करायचं, त्यात मासे सोडायचे, माडांना पाणी द्यायचं. त्याच्या आईनं मला विचारलं, “तुम्ही इतिहासाचं लिहिता, तुम्हांला काय वाटतं?” इतिहासाचा काय संबंध, असं पोराच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, आधी मे महिन्यात विहिरीतल्या पाण्याला दोरी लावून मोज, आणि शेजाऱ्यांच्या विहिरींनाही.

पाणी नऊ-दहा फुटांवर होतं. म्हणजे वीस फूट खोदायचं तर निम्मं काम पाण्याखाली. पाण्याखालची वाळू खोदणं हा निराळाच प्रकार असतो. बकेट भरून वर येईपर्यंत बाजूची वाळू पेजेसारखी वाहत येऊन खड्डा भरून टाकते आणि यंत्राच्या पट्ट्यांखालचीही सरकायला लागते. म्हणूनच वाळूत विहीर काढताना आधी कडं बसवून आतून माती काढत काढत ते कडं खाली उतरवतात. उत्तरेत त्यासाठी जांभळाच्या लाकडाचं कडं वापरत, कारण ते पाण्यात कुजत नाही. आपल्याकडे आता काँक्रीटच्या रिंगा टाकतात. तळ्याला रिंग घालता येत नाही. मग दुसरा मार्ग पंप लावून पाणी उपसत खोदण्याचा. तसं केलं तर खोदाईच्या त्या आठ दिवसांत शेजारच्या पाच-सहा विहिरींची पातळी ओढली जाणार आणि खालून काय वर येईल ते सांगता येत नाही. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे जातील ह्याचा नेम नसतो. मीठ माडाला सोसतं, मिरची-भाजीला सोसत नाही आणि माणसांना तर नाहीच.

खाणपट्ट्यात आपण हेच मोठ्या मापात पाहिलं आहे. खड्डा भूजलाच्या खाली गेला, पंप लावले, आणि शिरगावसारख्या गावात विहिरी आणि झरे आटल्याची ओरड झाली. तिथं निदान खारं पाणी यायचं भय नव्हतं. 2002 च्या भूजल कायद्यानं गोव्यात विहीर खोदायलाही परवानगी लागते आणि किनाऱ्यावरच्या रेवेच्या टेकड्यांना हात लावायला किनारी नियमांनी बंदी आहे, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतं. तळं म्हणजे विहीर नव्हे, असा एक सोयीचा समज असतो. पाणी लागेपर्यंत वाळू खोदली की ती रुंद विहीरच झाली, दुसरं काय?

शेवटी एक आकडा सांगतो, कारण त्या मुलाचं मन कायद्यानं नाही, ह्या आकड्यानं वळलं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यावरून दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून रोज साडेचार हजार लिटर. देवासच्या काळीत एवढं उडालं तर साठवलेल्या पावसातलं उडालं, ज्याचं त्याचं नुकसान. रेवेतल्या तळ्यात तेवढंच पाणी बाजूच्या वाळूतून परत भरून येतं, म्हणजे ते सगळ्या वाड्याच्या विहिरींतून येतं. तळं मात्र भरलेलंच दिसतं!

त्यानं पोकलेन आणलं नाही. बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, कंबरभर खोल एक पसरट खळगा फावड्यानंच काढला, काठ अगदी निजते ठेवले, आणि छपराच्या पन्हळींचं पाणी त्यात सोडलं. जून ते सप्टेंबर त्यात बेडूक ओरडतात. पाऊस थांबला की चार-पाच दिवसांत तो रिकामा होतो, पाणी खालच्या सायीत जातं, आणि मग तो तिथं लाल भाजी लावतो.